गवत, पेंड आणि आच : पालघर-बोईसर-तारापूर परिसराच्या संदर्भात पशुखाद्यातील प्रथिनांच्या गुणवत्तेचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

महाराष्ट्रातील दुग्धव्यवसायाच्या इतिहासाचे लेखन प्रामुख्याने सहकारी संस्था, संकरित गायींची पैदास आणि दूध महापूर योजना यांच्या अंगाने झालेले आहे. जनावरांच्या खाद्याचा विचार त्यात येतो, परंतु तो बहुधा टंचाई आणि भाव यांपुरताच मर्यादित राहतो. खाद्य तयार होताना त्याला किती आच लागली, त्या आचेने त्यातील प्रथिनांचे काय झाले आणि ही आच कमी-जास्त करण्याचा अधिकार कोणाच्या हाती होता, हा प्रश्न रसायनशास्त्राचा समजून इतिहासकाराने बाजूला ठेवला आहे. वस्तुतः तो अर्थव्यवहाराचाही प्रश्न आहे. ज्या घरात जनावर आहे त्याच घरात खाद्य शिजत होते तोपर्यंत आचेचा निर्णय जनावराकडे पाहून होत असे. खाद्य गिरणीतून येऊ लागल्यावर तो निर्णय तेलाकडे पाहून होऊ लागला. प्रस्तुत लेखात या स्थित्यंतराचा मागोवा पालघर व बोईसर-तारापूर परिसराच्या संदर्भात घेतला आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी स्वतंत्र जिल्हा होईपर्यंत हा परिसर ठाणे जिल्ह्याचा भाग होता आणि मुंबईच्या दुधाशी त्याचे नाते रेल्वेइतकेच जुने आहे.

गवताचा प्रदेश

१८६४ मध्ये मुंबई-अहमदाबाद लोहमार्ग पूर्ण झाला आणि उत्तर कोकणच्या डोंगरउतारांवरील गवताला मुंबईच्या तबेल्यांची बाजारपेठ खुली झाली. पालघर, डहाणू आणि वाडा भागातील गवत दसऱ्यानंतर कापले जाई, वाळवले जाई आणि दाबून बांधलेल्या गठ्ठ्यांच्या रूपाने मुंबईस रवाना होई. कापणारे हात वारली आणि इतर आदिवासींचे होते, तर गवत जमीनदारांचे व व्यापाऱ्यांचे. या व्यापाराची सामाजिक किंमत १९४५ मध्ये उघड झाली. शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखालील किसान सभेने पाचशे पौंड गवत कापण्यास अडीच रुपये या दराची मागणी करून गवतकापणीचा संप पुकारला आणि ऑक्टोबर १९४५ मध्ये तलवाडा येथे जमलेल्या आदिवासींवर गोळीबार झाला. गोदावरीबाईंच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या ग्रंथामुळे हा लढा मराठी वाचकांस परिचित आहे. तथापि, ज्या वस्तूच्या कापणीसाठी हा संघर्ष झाला त्या वस्तूच्या पोषणमूल्याचा विचार फारसा झालेला नाही.

फुलोऱ्यानंतर कापलेल्या वाळल्या रानगवतात कच्ची प्रथिने साधारणपणे तीन ते चार टक्केच असतात. एवढ्यावर दुभती म्हैस दूध देऊ शकत नाही. म्हणजेच गवताचा गठ्ठा आणि पेंडीचे पोते या दोन वस्तू आरंभापासूनच एकमेकींस जोडलेल्या आहेत. गवताने पोट भरे, प्रथिने पेंडीतून मिळत. पालघरने मुंबईला पहिली वस्तू पुरवली. दुसरी विदर्भ-खानदेशातील कापसाच्या आणि सौराष्ट्र-दख्खनमधील भुईमुगाच्या प्रदेशांतून आली.

खुद्द गवताच्या बाबतीतही आचेचा संबंध येतो, तो अनपेक्षित मार्गाने. ओलसर गवत दाबून बांधले की गठ्ठ्याच्या आत सूक्ष्मजीवांची वाढ होऊन उष्णता निर्माण होते, गवत तपकिरी पडते आणि त्यास भाजल्यासारखा गोडसर वास येतो. जनावर असे गवत आवडीने खाते, म्हणून ते चांगले असल्याचा समज होतो. प्रत्यक्षात त्यातील प्रथिनांचा काही भाग शर्करेशी व तंतुमय भागाशी बद्ध होऊन पचनास अनुपलब्ध झालेला असतो. गोरिंग, व्हॅन सोस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये अशा तापलेल्या चाऱ्यातील तंतूंशी बद्ध झालेला नत्र मोजण्याची पद्धत मांडली. परतीचा पाऊस लांबलेल्या वर्षी गठ्ठे बांधण्याची घाई हा व्यापाऱ्याच्या दृष्टीने वेळेचा प्रश्न होता. म्हशीच्या दृष्टीने तो प्रथिनांचा होता.

चुलीवरचे आंबोण

पशुखाद्यास आच देण्याची प्रथा यंत्रयुगाने आणलेली नाही. कौटिलीय अर्थशास्त्रात अश्वाध्यक्षाच्या प्रकरणात घोड्याच्या खुराकासाठी धान्य अर्धे शिजवून देण्याचा आणि मूग-उडीद शिजवून देण्याचा निर्देश आढळतो. मराठी मुलखात घोड्याची चंदी म्हणजे भिजवलेला हरभरा. बैलाला कामाच्या दिवसांत कुळीथ शिजवून घालीत आणि दुभत्या जनावरासाठी सरकी, चुणी, कोंडा भिजवून वा उकडून आंबोण करीत. कुळीथ कच्चा घातला तर बैलाला ‘लागत नाही’, हे कोकणातील शेतकऱ्यास ठाऊक होते. त्याचे कारण ठाऊक नव्हते आणि त्याची गरजही नव्हती.

हे कारण शास्त्राला कळण्यास विसाव्या शतकाची दुसरी दशकपूर्ती जवळ यावी लागली. अमेरिकेतील टॉमस ऑसबोर्न आणि लाफायेट मेंडेल यांनी १९१७ मध्ये असे दाखवून दिले की, कच्च्या सोयाबीनवर उंदरांची वाढ नीट होत नाही, तेच सोयाबीन शिजवून दिल्यास वाढ होते. दोन्ही खाद्यांतील नत्राचे प्रमाण सारखेच होते, फरक आचेचा होता. पुढे १९४०च्या दशकात मोझेस कुनिट्झ यांनी सोयाबीनमधून ट्रिप्सिन या पाचक विकराला अडवणारे प्रथिन स्फटिकरूपात वेगळे केले. असे अवरोधक घटक कमी-अधिक प्रमाणात बहुतेक कडधान्यांत असतात, कुळथातही असतात, आणि पाण्यासह दिलेल्या उष्णतेने ते मोठ्या प्रमाणात निष्प्रभ होतात. चुलीवरच्या भांड्यातील तापमान पाणी असेपर्यंत शंभर अंश सेल्सिअसच्या फारसे वर जात नाही. अवरोधक निष्प्रभ होण्यास ते पुरेसे होते आणि प्रथिने जळण्यास अपुरे. ही मर्यादा कोणी ठरवून आखली नव्हती, ती भांड्यातील पाण्यानेच घालून दिली होती.

घाणा, एक्सपेलर आणि डीओसी

तेल काढताना मागे राहते ती पेंड. बैलघाण्यात घर्षणाने उष्णता निर्माण होते, परंतु ती मर्यादित असते, आणि पेंडीत दहा ते बारा टक्क्यांपर्यंत तेल शिल्लक राहते. १९३४ मध्ये वर्धा येथे स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाने तेलघाणीला आपल्या कार्यक्रमात महत्त्वाचे स्थान दिले. मगनवाडीत झवेरभाई पटेल यांनी घाण्याच्या रचनेत सुधारणा केल्या. जे. सी. कुमारप्पा प्रभृतींच्या विवेचनात घाणीची पेंड गावातच राहते व गावच्या जनावराच्या आणि जमिनीच्या उपयोगी पडते, हा मुद्दा आर्थिक स्वरूपात येतो. तत्पूर्वी १८९३ मध्ये डॉ. जॉन ऑगस्टस व्होल्कर यांनी भारतीय शेतीवरील आपल्या अहवालात तेलबियांच्या निर्यातीबरोबर जमिनीचा कसही परदेशी जातो, याकडे लक्ष वेधले होते. या दोन्ही मांडण्यांत पेंड ‘किती’ राहते याची चर्चा आहे. पेंड ‘कशी’ राहते हा प्रश्न पुढे आलेला नाही, आणि त्या काळात तो पुढे येणे अपेक्षितही नव्हते.

हा प्रश्न निर्माण केला तो एक्सपेलरने. अमेरिकेत व्हॅलेरियस अँडरसन यांनी १९००च्या सुमारास विकसित केलेले हे मळसूत्री दाबयंत्र भारतातील तेलगिरण्यांत रूढ झाले. अधिक तेल निघावे म्हणून बी आधी वाफेवर शिजवले जाते आणि नंतर प्रचंड दाबाखाली पिळले जाते. नळकांड्यातील तापमान शंभर अंशांच्या बरेच वर जाते आणि ओलावा कमी असतो. पेंडीत सहा ते आठ टक्के तेल उरते. येथे चुलीवरच्या भांड्यातील पाण्याची मर्यादा नाहीशी झाली. यंत्र जितके घट्ट आवळावे तितके तेल अधिक, आणि तितकीच पेंड अधिक काळपट. तेलाचा भाव पेंडीच्या भावाच्या कितीतरी पट असल्यामुळे गिरणीमालकाने कोणत्या बाजूने निर्णय घ्यावा, याविषयी शंका उरत नाही. त्यास दोष देण्याचेही कारण नाही. पेंडीचा रंग त्याच्या खात्यात कोठेच नोंदला जात नव्हता.

यापुढील टप्पा द्रावक निष्कर्षणाचा. हेक्झेनच्या साहाय्याने जवळजवळ सर्व तेल काढून घेतल्यावर एक टक्क्याच्या आसपास तेल असलेली पेंड उरते. बाजारात तिला ‘डीओसी’ म्हणतात. दुसऱ्या महायुद्धानंतर भारतात हा उद्योग विस्तारला आणि १९६३ मध्ये मुंबईत सॉल्व्हंट एक्स्ट्रॅक्टर्स असोसिएशन ऑफ इंडिया ही संघटना स्थापन झाली. महाराष्ट्रात सोयाबीनचा प्रसार प्रामुख्याने १९८०च्या दशकानंतर विदर्भ-मराठवाड्यात झाला आणि सोयापेंड कुक्कुटखाद्याचा कणा बनली. या प्रक्रियेत पेंडीत मुरलेले हेक्झेन वाफेने उडवून परत मिळवले जाते आणि त्याच यंत्रात पेंड भाजली जाते. एकाच वाफेकडे दोन कामे आहेत. द्रावकाची बचत हे कारखानदाराचे काम आणि अवरोधक निष्प्रभ करणे हे कोंबडीचे. वाफ कमी पडली तर कोंबडीची वाढ खुंटते, अधिक झाली तर लायसिन वाया जाते. तरीही गोणीवर प्रथिनांची टक्केवारी तीच राहते.

सरकीची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे, आणि महाराष्ट्रासाठी अधिक महत्त्वाची. सरकीत गॉसिपॉल हे विषारी रंगद्रव्य असते. १९१५ मध्ये विदर्स व कॅरुथ यांनी त्याचा विषारीपणा दाखवून दिला. उष्णतेने मुक्त गॉसिपॉल बद्ध होते आणि विष कमी होते, ही जमेची बाजू. परंतु ते बद्ध होते ते प्रामुख्याने प्रथिनातील लायसिनशीच. विष उतरवण्याची किंमत पोषक घटकानेच चुकती करावी, असा हा व्यवहार आहे. गाय-म्हशीच्या कोठीपोटात गॉसिपॉलचा बराचसा बंदोबस्त होत असल्यामुळे तबेल्यात सरकी निर्धास्तपणे वापरली गेली. कोंबडी व डुक्कर यांना ती सोय नाही.

आचेने सर्वच दोष जातात असेही नाही. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी एका अनोळखी रोगाने मेले. ब्राझीलहून आलेल्या भुईमूग पेंडीतील बुरशीजन्य अफ्लाटॉक्सिन हे त्याचे कारण निघाले. हे विष गिरणीतील तापमानास दाद देत नाही. भुईमूग पेंडीच्या निर्यातीत रस असलेल्या भारतीय व्यापाराला या शोधाचा फटका पुढे दीर्घकाळ जाणवला.

नत्राचे मोजमाप आणि त्यातून निसटलेले प्रथिन

डेन्मार्कमधील योहान केल्डाल यांनी १८८३ मध्ये कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत नत्र मोजण्याची सोपी पद्धत शोधली. प्रथिनांत सरासरी १६ टक्के नत्र असतो हे गृहीत धरून नत्रास ६.२५ने गुणले की ‘कच्ची प्रथिने’ मिळतात. जगभरातील पशुखाद्याचा व्यापार आजही या गुणाकारावर उभा आहे. पद्धत स्वस्त, विश्वासार्ह आणि पुन्हा पुन्हा तेच उत्तर देणारी आहे. तथापि, नत्र कोणत्या रूपात आहे, हे ती सांगत नाही. ४६ टक्के नत्र असलेला युरिया या हिशेबाने २८७.५ टक्के ‘प्रथिनयुक्त’ ठरतो! २००८ मध्ये चीनमध्ये लहान मुलांच्या दूधभुकटीत मेलामाइन मिसळल्याचे प्रकरण उघडकीस आले, ते याच उणिवेचा गैरफायदा घेऊन घडले होते.

जळलेली पेंड हा त्याच उणिवेचा कायदेशीर आविष्कार होय. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई-कामी मेयार यांनी १९१२ मध्ये शर्करा व अमिनो आम्ले यांच्यातील ज्या अभिक्रियेचे वर्णन केले, तीच भाकरीला खरपूस रंग देते आणि तीच पेंडीतील लायसिन बांधून टाकते. बांधलेल्या लायसिनचा नत्र कोठेही जात नाही; केल्डालच्या चंबूत तो जसाच्या तसा मोजला जातो. इतकेच नव्हे, तर अमिनो आम्लांच्या नेहमीच्या विश्लेषणात नमुना तीव्र आम्लात उकळावा लागतो, त्या वेळी बद्ध लायसिनचा काही भाग पुन्हा सुटतो. जनावराच्या आतड्यात न सुटणारे लायसिन प्रयोगशाळेत सुटलेले दिसते. ही फसगत ओळखून केंब्रिज येथील केनेथ कार्पेंटर यांनी १९६०मध्ये ‘उपलब्ध लायसिन’ मोजण्याची रासायनिक पद्धत प्रसिद्ध केली. तीत लायसिनचा मुक्त अमिनो गट शिल्लक आहे की नाही, हे थेट तपासले जाते. पोषणशास्त्राच्या इतिहासात या पद्धतीस मोठे स्थान आहे. पेंडीच्या बाजारात मात्र तिला स्थान मिळाले नाही.

भारतीय मानकांचा इतिहास या दृष्टीने बोलका आहे. गुरांच्या संमिश्र खाद्यासाठीचे मानक आयएस २०५२ हे होय. त्यात पहिल्या प्रकारच्या खाद्यात किमान २२ टक्के आणि दुसऱ्या प्रकारच्या खाद्यात किमान २० टक्के कच्ची प्रथिने असावीत, असे ठरवण्यात आले. वाळू-मातीची भेसळ रोखण्यासाठी आम्लात न विरघळणाऱ्या राखेची कमाल मर्यादाही घालण्यात आली. भेसळ हा त्या काळचा खरा शत्रू असल्यामुळे हा क्रम समजण्याजोगा आहे. पण त्यामुळे असे झाले की, ग्राहकाला मातीपासून संरक्षण मिळाले, आचेपासून मिळाले नाही.

रवंथ करणाऱ्या जनावराचा पेच

येथवरचे विवेचन वाचून आच ही सर्वस्वी अनिष्ट, असा ग्रह होण्याचा संभव आहे. गाय-म्हशीच्या बाबतीत तो खरा नाही. त्यांच्या कोठीपोटातील सूक्ष्मजीव खाद्यातील प्रथिने फोडून अमोनिया तयार करतात. त्यातून सूक्ष्मजीवांची स्वतःची प्रथिने बनतात, परंतु जास्तीचा अमोनिया मूत्रावाटे वाया जातो. भुईमूग पेंडीसारखी सहज विरघळणारी प्रथिने अशा रीतीने मोठ्या प्रमाणात खर्ची पडतात. स्कॉटलंडमधील मार्गारेट चाल्मर्स, डेव्हिड कथबर्टसन आणि नोबेल पारितोषिक विजेते रिचर्ड सिंज यांनी १९५४ मध्ये मेंढ्यांवरील प्रयोगांत कोठीपोटातील अमोनिया आणि प्रथिनांचा उपयोग यांचा संबंध स्पष्ट केला. उष्णता दिलेल्या प्रथिनांपासून अमोनिया कमी तयार होतो आणि जनावराच्या पदरी अधिक पडते, असे त्यातून दिसले. १९६७ मध्ये ऑस्ट्रेलियात फर्ग्युसन व सहकाऱ्यांनी हेच कार्य फॉर्माल्डिहाइडच्या साहाय्याने साधले. यातूनच ‘बायपास प्रथिन’ ही संकल्पना रूढ झाली आणि राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने भारतीय पेंडींसाठी तिचा प्रसार केला.

म्हणजे जी आच कोंबडीला मारक तीच एका मर्यादेपर्यंत म्हशीला तारक. मर्यादा ओलांडली की प्रथिने कोठीपोटातूनही सुटतात आणि आतड्यातूनही. शेणात नत्र वाढतो आणि दुधात काही वाढत नाही. ही रेषा फार अरुंद आहे. एक्सपेलरची सरकी पेंड म्हशीला मानवते, असा जो अनुभव तबेल्यातून सांगितला जातो, त्यात या शास्त्राचा काही अंश निश्चित आहे. परंतु तो गिरणीच्या हेतूचा भाग नव्हता. योगायोगाने मिळालेला लाभ पोत्यागणिक बदलतो.

उत्तर कोकणात या पेचाला स्थानिक संदर्भ आहे. मुंबईतील म्हशी शहराबाहेर नेण्याच्या धोरणातून १९४९ मध्ये आरे दुग्ध वसाहत उभी राहिली, आणि त्याच धोरणाचा पुढचा टप्पा म्हणून दापचरी येथे प्रकल्प आखण्यात आला. त्याच्या पाण्यासाठी कुर्झे धरण बांधले गेले. हिरवा चारा पिकवून पेंडीवरील भार कमी करावा, ही कल्पना शास्त्रीयदृष्ट्या योग्यच होती. दापचरीचे दुग्धोत्पादन पुढे मंदावले आणि थांबले. त्याच लोहमार्गावर उत्तरेस, आणंदजवळ कंजरी येथे ३१ ऑक्टोबर १९६४ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते सहकारी पशुखाद्य कारखान्याचे उद्घाटन झाले. दोहोंतील फरक केवळ व्यवस्थापनाचा मानला जातो. कंजरीत खाद्य बनवणारा आणि दूध घालणारा एकाच संघाचा सभासद होता, ही बाब अधिक निर्णायक वाटते. आचेचा निर्णय घेणारा आणि तिचा परिणाम भोगणारा यांची गाठ तेथे, कारखान्याच्या स्वरूपात का होईना, पुन्हा पडली. दापचरीत ती पडली नाही.

किनाऱ्यावरची सुकी मासळी

सातपाटी, मुरबे, चिंचणी, तारापूर, डहाणू हा पट्टा मासेमारीचा. येथे बोंबील, जवळा, मांदेली उन्हात वाळवतात. बारीक व कमी प्रतीची सुकी मासळी कोंबड्यांच्या खाद्यासाठीही जाते. उन्हाची आच मंद असल्यामुळे लायसिन टिकून राहते. दोष येतात ते वाळूचे, मिठाचे आणि पावसाळी बुरशीचे. कारखान्यातील मत्स्यचूर्णात हे दोष कमी, परंतु सुकवणीच्या वेळी तापमान हाताबाहेर गेले तर हिस्टिडीन व लायसिन यांपासून गिझेरोसिन नावाचा पदार्थ बनतो आणि पिल्लांच्या पेषणीस व्रण पडतात. जपानी संशोधकांनी १९८३ मध्ये त्याची ओळख पटवली. ओट्यावर वा वाळूत मासळी पसरवणाऱ्या कोळी स्त्रीला भाव देताना तिच्या मालातील वाळू मोजली जाते, आणि ते रास्तच आहे. तिच्या मालातील न जळलेले लायसिन मात्र कोणी मोजत नाही.

तारापूर परिसरातील कसोट्यांची शक्यता

१९६९ मध्ये तारापूर अणुवीज केंद्र कार्यान्वित झाले आणि त्यानंतर बोईसर-तारापूर औद्योगिक क्षेत्र विस्तारत गेले. वाफ, दाब, बाष्पक, तापमाननियंत्रण हे शब्द या भागातील हजारो कामगारांच्या रोजच्या बोलण्यातले झाले. औषधी रसायनाच्या कारखान्यात दोन अंशांचा फरक नोंदवहीत लिहिणारा कामगार संध्याकाळी घरच्या म्हशीसाठी जे पोते विकत घेतो, त्यावर तापमानाची नोंद नसते. हा विरोधाभास केवळ या परिसराचा नाही, परंतु येथे तो अधिक ठळकपणे दिसतो.

उपाय अवघड आहेत असेही नाही. सोयापेंड कमी भाजली आहे काय, हे पाहण्यासाठी कॅस्की व नॅप यांची १९४४ची युरिएज कसोटी आहे. युरियाच्या द्रावणात पेंड टाकल्यावर सामूत किती वाढ होते, एवढेच तीत मोजावे लागते. अधिक भाजली आहे काय, यासाठी अराबा व डेल यांनी १९९०मध्ये दिलेली कसोटी आहे. ०.२ टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये पेंड वीस मिनिटे ढवळून विरघळलेले प्रथिन मोजतात. ते ७० टक्क्यांच्या खाली आले तर पेंड जळलेली, ८५ टक्क्यांच्या वर गेले तर कच्ची, असा ढोबळ दंडक आहे. यासाठी लागणारी उपकरणे, केल्डालच्या संचासह, रसायनशास्त्र शिकवणाऱ्या पदवी महाविद्यालयात असतात किंवा सहज मिळू शकतात. मात्र हे आकडे सोयाबीनसाठी बसवलेले आहेत. पालघर-डहाणूच्या गोठ्यात अधिक जाते ती सरकी पेंड, आणि ती पुष्कळदा सालासकट पिळलेली असते. तिच्यासाठी तंतूंशी बद्ध झालेला नत्र आणि उपलब्ध लायसिन ही दोन्ही मोजमापे करावी लागतील. तीही म्हशीसाठी वेगळ्या आणि कोंबडीसाठी वेगळ्या मर्यादा ठरवून.